ऑकलंड बेटांवरील नौकाभंग : इतिहास आणि साक्ष

१

फुटलेल्या जहाजाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यापुढे एक मूलभूत अडचण उभी असते. प्रसंगाचा सर्वांत निकटचा अनुभव ज्यांना आला ते बहुधा बुडालेले असतात. जे उरतात त्यांच्यापैकी थोड्यांनाच लिहिता येते. आणि जे लिहितात त्यांच्यापैकी अनेकांना आपल्या वर्तनाचा जबाब द्यायचा असतो. कप्तानाच्या डोळ्यांपुढे जहाजाचे मालक असतात, अधिकाऱ्याच्या मनात पुढच्या नोकरीची चिंता असते. साध्या खलाशाला कोणी विचारीतच नाही. म्हणून नौकाभंगाचे वृत्तांत इतिहासाची साधने म्हणून वापरण्यापूर्वी वाङ्मय म्हणून बारकाईने वाचावे लागतात. कोण बोलतो, कोणापुढे बोलतो आणि घटनेनंतर किती काळाने बोलतो, या प्रश्नांवर येथे इतिहासाचे प्रामाण्यच अवलंबून असते.

या दृष्टीने दक्षिण महासागरातील ऑकलंड बेटांचा किनारा विशेष अभ्यसनीय आहे. १८६४ ते १९०७ या काळात निदान सात जहाजे या बेटांवर फुटली. त्यांतून वाचलेल्यांनी रोजनिशा, पुस्तके, पुस्तिका आणि आठवणी मागे ठेवल्या. त्यांतही १८६४ साली असा योग आला, की दोन जहाजांची माणसे एकाच वेळी त्या एकाच बेटाच्या दोन टोकांना अडकून पडली होती आणि एकमेकांच्या अस्तित्वाची त्यांना वार्ताही नव्हती. एका टोकाचे पाचही जण जगले. दुसऱ्या टोकाच्या एकोणीसांपैकी तिघे. ही तुलना आज पुष्कळ ठिकाणी बोधकथेसारखी सांगितली जाते. ती ज्या साक्षींवर उभी आहे त्या साक्षी मात्र क्वचितच तपासल्या जातात.

२

हा द्वीपसमूह न्यूझीलंडच्या दक्षिण बेटापासून सुमारे ४६५ किलोमीटर दूर आहे. प्राचीन ज्वालामुखींच्या अवशेषांतून तो घडला आहे. पश्चिमेकडून अखंड वाहणाऱ्या वाऱ्यांनी आणि लाटांनी त्याची ती बाजू खणून काढली असून तेथे शेकडो फूट उंचीचे सरळ कडे पाण्यातून वर आलेले आहेत. पूर्वेची बाजू वेगळी आहे. हिमनद्यांनी कोरलेल्या लांब, अरुंद खाड्या तिकडे आत शिरतात. उत्तरेस पोर्ट रॉस आणि दक्षिणेस कार्नली हार्बर हे दोन सुरक्षित आसरे आहेत. एकाच बेटाची एक बाजू जहाजाला भिंतीसारखी आणि दुसरी ओंजळीसारखी आहे. कोणते जहाज कोणत्या बाजूला लागले यावर कितीएकांचे आयुष्य ठरले.

एब्रहॅम ब्रिस्टो या देवमाशांच्या शिकारी जहाजाच्या कप्तानाला ही बेटे १८०६ साली दिसली. आपल्या पित्याच्या स्नेह्याचे, म्हणजे विल्यम ईडन, लॉर्ड ऑकलंड याचे नाव त्याने त्यांना दिले. याच विल्यम ईडनचा पुत्र जॉर्ज ईडन १८३६ ते १८४२ या काळात हिंदुस्थानचा गव्हर्नर-जनरल होता आणि न्यूझीलंडमधील ऑकलंड शहराचे नाव या पुत्रावरून पडलेले आहे. ब्रिस्टोच्या आधीही ही बेटे मनुष्याला अज्ञात नव्हती. एन्डर्बी बेटावर पॉलिनेशियन दर्यावर्दींच्या चुलींचे कित्येक शतकांपूर्वीचे अवशेष सापडले आहेत. १८४२ मध्ये माओरींचा एक गट मोरिओरी दासांसह चॅथम बेटांवरून येथे येऊन राहिला आणि १८५६ पर्यंत टिकला. त्याच सुमारास, १८४९ च्या अखेरीस, पोर्ट रॉसवर हार्डविक नावाची इंग्रज वसाहत स्थापन झाली. नापीक जमीन आणि अखंड पावसाळी हवा यांमुळे ती १८५२ मध्ये मोडली. पुढे आलेल्या निराधारांना या वसाहतीचे पडके अवशेष दिसले. माणसे राहून गेली आणि टिकली नाहीत, एवढीच वार्ता ते सांगत होते.

अशा निर्जन बेटांवर इतकी जहाजे का फुटावीत? याचे कारण व्यापाराच्या भूगोलात आहे. १८५१ नंतर ऑस्ट्रेलियातील सोन्याच्या शोधाने मेलबर्न-सिडनीची वाहतूक एकाएकी वाढली. परतीची शिडाची जहाजे पश्चिमी वाऱ्यांचा लाभ घेत, न्यूझीलंडच्या दक्षिणेने, केप हॉर्नकडे जात. गोलावरील सर्वांत जवळचा मार्ग धरावयाचा तर अधिकाधिक दक्षिणेला उतरावे लागे, आणि ऑकलंड बेटे नेमकी या वाटेवर आडवी पडलेली होती. ढगांमुळे कित्येक दिवस सूर्य दिसत नसे. सूर्य दिसला नाही की अक्षांश-रेखांशाचे गणित अंदाजावर चाले. बेटांवर दीपगृह नव्हते. वेळेची बचत करणाऱ्या मार्गाने माणसांना थेट कड्यांपाशी नेले, असे म्हणावे लागते.

३

‘ग्राफ्टन’ हे लहान जहाज नोव्हेंबर १८६३ मध्ये सिडनीहून निघाले. कॅम्पबेल बेटावर रुपेमिश्रित कथिलाची खाण सापडेल अशी त्याच्या भागीदारांची आशा होती. खाण सापडली नाही. परत फिरताना सीलच्या शिकारीसाठी ते ऑकलंड बेटांकडे वळले आणि जानेवारी १८६४ च्या आरंभी कार्नली हार्बरमध्ये वादळात खडकावर चढले. जहाजावर पाच माणसे होती : कप्तान टॉमस मस्ग्रेव्ह, फ्रेंच सहकारी फ्रान्स्वा रायनाल, एक नॉर्वेजियन व एक इंग्रज खलाशी आणि अझोर्स बेटांवरचा पोर्तुगीज स्वयंपाकी. रायनाल त्या वेळी इतका आजारी होता, की त्याला दोराच्या आधाराने पाठीवर घालून किनाऱ्यावर न्यावे लागले.

पुढील सुमारे दीड वर्षाची हकिगत उद्योगाची आहे. फुटक्या जहाजाच्या फळ्या आणि शिडे वापरून त्यांनी घर बांधले. रायनालने शिंपले भाजून चुना केला, झाडाच्या सालीने सीलची कातडी कमावली, कातड्याचा भाता करून लोहारकामाची भट्टी चालवली. तेथील एका वनस्पतीच्या कंदापासून त्याने पेयही तयार केले. ठरलेल्या मुदतीत ते परतले नाहीत तर शोध घेऊ, असे भागीदारांनी कबूल केले होते. तो शोध निघाला नाही. अखेरीस बारा फुटी होडी वाढवून त्यांनी सतरा फुटी केली. जुलै १८६५ मध्ये तिघे जण त्या होडीतून निघाले आणि पाच दिवसांच्या प्रवासानंतर न्यूझीलंडच्या स्टुअर्ट बेटाला लागले. मागे राहिलेल्या दोघांना आणण्यासाठी मस्ग्रेव्ह दुसऱ्या जहाजातून पुन्हा त्याच बेटावर गेला.

‘इन्व्हरकॉल्ड’ची गोष्ट फार निराळी आहे. मेलबर्नहून पेरूतील कय्याओ बंदराकडे रिकामे निघालेले हे मोठे जहाज मे १८६४ मध्ये रात्रीच्या काळोखात बेटाच्या वायव्य कड्यांखाली आदळले आणि थोड्याच वेळात त्याचे तुकडे झाले. पंचवीसांपैकी सहा बुडाले. एकोणीस जण कड्याच्या पायथ्याशी अरुंद खडकाळ पट्टीवर चढले. त्यांच्याजवळ थोडी बिस्किटे व थोडे डुकराचे मांस एवढेच होते. काही दिवसांनी कडा चढून ते वर गेले. मग भूक, थंडी आणि फाटाफूट यांत एकेक जण मागे पडत गेला. हिवाळा सरता सरता तिघेच उरले : कप्तान जॉर्ज डालगार्नो, मेट अँड्र्यू स्मिथ आणि खलाशी रॉबर्ट होल्डिंग. मे १८६५ मध्ये ‘हूलियान’ हे परदेशी जहाज गळती लागल्यामुळे आसऱ्याला आले आणि त्यांना घेऊन गेले. त्या वेळी बेटाच्या दक्षिण टोकाला ‘ग्राफ्टन’चे पाचही जण जिवंत होते.

४

या दोन प्रसंगांविषयी आज जे सांगितले जाते त्याचा आधार पाच माणसांच्या शब्दांवर आहे. मस्ग्रेव्हची रोजनिशी त्या बेटावरच लिहिली गेली. शाई संपल्यावर त्याने सीलचे रक्त वापरले. ही रोजनिशी संपादित होऊन १८६५ मध्ये मेलबर्नला आणि पुढच्या वर्षी लंडनला प्रसिद्ध झाली. रायनालचे फ्रेंच पुस्तक काही वर्षांनी आले. ते अतिशय लोकप्रिय झाले, फ्रेंच अकादमीने त्याला पारितोषिक दिले आणि १८७४ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. ज्यूल व्हर्नने आपल्या ‘गूढ बेट’ या कादंबरीत सेल्कर्कच्या बरोबरीने रायनालचे नाव घेतले आहे. ‘इन्व्हरकॉल्ड’संबंधी डालगार्नोचे निवेदन आणि १८६६ मधील स्मिथची पुस्तिका उपलब्ध होत्या. तिसऱ्या माणसाचे, होल्डिंगचे, कथन मात्र त्याच्या म्हातारपणी, विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, कॅनडात लिहिले गेले आणि १९९७ मध्ये त्याच्या पणतीच्या पुस्तकातून प्रकाशात आले.

प्रथम ‘ग्राफ्टन’च्या दोन साक्षी घेऊ. रायनाल सांगतो, की पाचही जणांनी मिळून एक कुटुंबप्रमुख निवडला, त्याच्या अधिकाराचे नियम मस्ग्रेव्हच्या बायबलच्या कोऱ्या पानावर लिहिले, आणि प्रमुखाने अधिकाराचा गैरवापर केल्यास बहुमताने त्याला दूर करण्याची तरतूदही केली. संध्याकाळच्या शाळेविषयीही तो असेच सांगतो : ज्याला जे येत होते ते त्याने इतरांना शिकविले, प्रत्येक जण गुरूही होता आणि शिष्यही. हे चित्र एका लहानशा प्रजासत्ताकाचे आहे.

मस्ग्रेव्हची रोजनिशी उघडली की हे चित्र पालटते. माणसांवर आपला कायदेशीर अधिकार उरलेला नाही ही बोच तेथे जाणवते. संध्याकाळची शाळा ही माणसांना शिस्तीत व ताब्यात ठेवण्याची आपण योजलेली युक्ती आहे, अशा अर्थाची नोंद तो करतो. शाळा तीच, माणसे तीच, दिवे सीलच्या चरबीचे तेच. परंतु एकाच्या लेखी ती समतेची संस्था आहे आणि दुसऱ्याच्या लेखी शासनाचे साधन. दोघांपैकी एक खोटे बोलतो असे मानण्याचे कारण नाही. मस्ग्रेव्ह आतून, भीतीच्या दिवसांत, परतण्याची शाश्वती नसताना लिहीत होता. पत्नी-मुलांच्या आठवणीने तो वारंवार खचतो. रायनाल सुटकेनंतर, मायदेशी परतल्यावर, वाचकवर्ग डोळ्यांपुढे ठेवून लिहीत होता. एक रोजनिशी आहे आणि दुसरे पुस्तक आहे. या दोन वाङ्मयप्रकारांत भूतकाळाची घडणच निराळी होते.

भाषेचाही मुद्दा दुर्लक्षिण्याजोगा नाही. बेटावरील पाच जण चार देशांचे होते. त्यांच्यातला व्यवहार इंग्रजीत चाले. रायनालने तो फ्रेंचमध्ये लिहिला. त्याच्या पुस्तकातील संवाद त्यामुळे मुळातच भाषांतरित आहेत, आणि इंग्रजी वाचकाच्या हाती पडले तेव्हा ते परतीचे भाषांतर होते. खलाश्यांचे ओबडधोबड बोलणे या दोन उलथापालथींत गुळगुळीत होऊन आले असल्यास नवल नाही. अझोर्सचा स्वयंपाकी किंवा नॉर्वेजियन खलाशी आपल्या भाषेत काय म्हणाला असता, याची नोंद कोठेच नाही.

‘इन्व्हरकॉल्ड’च्या बाबतीत अंतर याहून मोठे आहे. डालगार्नो व स्मिथ यांचे वृत्तांत अधिकाऱ्यांचे आहेत. त्यांत दैवी आपत्तीचा भाग ठळक आहे आणि माणसांच्या हातून काय सुटले त्याची चर्चा आखूड आहे. होल्डिंगच्या कथनात मात्र अन्न शोधणारा, किनाऱ्याकडे चला म्हणून आग्रह धरणारा, खडकांवरचे शिंपले गोळा करणारा माणूस एक साधा खलाशी आहे, आणि अधिकारी सर्व काही गमावल्यावरही आपल्या दर्जाचा मान मागत राहतात. या साक्षीने पूर्वीच्या दोन साक्षींचा तोल बदलतो. परंतु तीही तपासूनच घ्यावी लागते. साठ वर्षांनंतरची स्मृती स्वतःला नायक करीत नाही, असे कोण म्हणेल? तरीही तिचे मोल यासाठी, की डेकच्या खालून आलेला हा एकमेव आवाज आहे. तो मुद्रित होण्यास १३३ वर्षे लागली.

या साक्षींच्या शेजारी आणखी एक साक्ष ठेवली पाहिजे. मस्ग्रेव्ह आपल्या सोबत्यांना आणण्यासाठी गेला त्या फेरीत पोर्ट रॉसवर एका पडक्या झोपडीत एका माणसाचे प्रेत आढळले. त्याच्या पायाला चिंध्या गुंडाळलेल्या होत्या आणि जवळ एक पाटी पडली होती. तिच्यावर काही ओरखडलेले होते; ते लागले नाही. तो ‘इन्व्हरकॉल्ड’चाच माणूस असावा असे पुढे मानले गेले. मरणाऱ्याने लिहून ठेवलेली आणि वाचता न आलेली ती अक्षरे हा या किनाऱ्याच्या इतिहासातील सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज म्हणता येईल. त्याचा कोणाला उपयोग मात्र होऊ शकला नाही.

५

या वृत्तांतांचा परिणाम वाचनालयापुरता राहिला नाही. ‘ग्राफ्टन’ची हकिगत पसरल्यानंतर १८६५ च्या ऑक्टोबरमध्ये व्हिक्टोरिया वसाहतीच्या सरकारने आपले जहाज शोधासाठी पाठविले, त्या फेरीची नोंद पोर्ट रॉसजवळ एका झाडाच्या खोडावर कोरली गेली. पण पुढच्याच वर्षी ‘जनरल ग्रँट’ हे जहाज पश्चिम कड्यांकडे खेचले गेले. ते मेलबर्नहून लंडनला चालले होते, त्यावर ८३ माणसे आणि अडीच हजारांहून अधिक औंस सोने होते. वादळ नव्हते, वारा पडलेला होता, आणि म्हणूनच जहाज प्रवाहाच्या स्वाधीन होऊन एका प्रचंड गुहेत शिरले. डोलकाठ्या गुहेच्या छताला लागून मोडल्या. भरतीच्या पाण्याने वर उचलल्या जाणाऱ्या जहाजाच्या तळातून मुख्य डोलकाठी आरपार गेली. पंधरा जण वाचले. त्यांतील चौघे होडीतून न्यूझीलंडकडे निघाले ते पुन्हा दिसले नाहीत. एक वृद्ध खलाशी बेटावरच मेला. लाकडाच्या तुकड्यांवर संदेश कोरून ते समुद्रात सोडून देण्याचा उद्योग उरलेल्यांनी केला. नोव्हेंबर १८६७ मध्ये, दीड वर्षाने, दहा जणांची सुटका झाली. त्यानंतर सोन्याच्या शोधात मोहिमा निघाल्या. त्यांतील ‘डॅफ्ने’ मोहिमेत १८७० मध्ये आणखी माणसे गेली. एकोणिसाव्या शतकातील कोणत्याही मोहिमेच्या हाती सोने लागले नाही.

यानंतर बेटांवर अन्न-वस्त्रांची कोठारे उभी राहिली. त्यांत बिस्किटे, कपडे, काड्यापेट्या, हत्यारे ठेवलेली असत. किनाऱ्यावर हाताच्या आकाराच्या दिशादर्शक पाट्या लावून कोठाराची वाट दाखविलेली असे. ‘हिनेमोआ’सारखी सरकारी आगबोट ठरावीक काळाने फेरी मारी. पूर्वीच्या निराधारांनी जे लिहिले होते ते वाचूनच ही व्यवस्था झाली. ती सदोष होती : १८८७ मध्ये एन्डर्बी बेटावर फुटलेल्या ‘डेरी कॅसल’च्या आठ जणांना जवळच्या आसऱ्यात मिठाच्या बाटलीखेरीज काही मिळाले नाही, भंगलेल्या लाकडाची होडी करून पोर्ट रॉसचे कोठार गाठावे लागले. १९०७ मध्ये डिसअपॉइंटमेंट बेटावर फुटलेल्या ‘डंडोनल्ड’च्या माणसांनी झुडपांच्या वाकड्या फांद्यांवर शिडाचे कापड ताणून होडी केली आणि मुख्य बेटावरील कोठार गाठले. किनाऱ्याला लागलेल्या सोळांपैकी पंधरा जण ‘हिनेमोआ’वरून परत आले. १८६४ मध्ये ज्या किनाऱ्यावर एकोणीसांतले सोळा मेले, तेथे ४३ वर्षांनी सोळांतला एक मेला. समुद्र किंवा कडे यांत काही बदल झाला नव्हता. पुढे वाफेची जहाजे आणि १९१४ मध्ये खुला झालेला पनामा कालवा यांनी ही वाटच ओस पाडली, आणि कोठारांची गरज संपली.

६

अलीकडच्या काळात ‘ग्राफ्टन’ आणि ‘इन्व्हरकॉल्ड’ यांची जोडी पुन्हा प्रसिद्धीस आली आहे. जोन ड्रूएट या न्यूझीलंडच्या लेखिकेने २००७ मध्ये दोन्ही कथा एकत्र सांगितल्या. निकोलस क्रिस्ताकिस या समाजशास्त्रज्ञाने २०१९ मध्ये सहकार्याच्या प्रवृत्तीचा दाखला म्हणून त्यांचा उपयोग केला. एका गटात सहकार्य होते म्हणून तो तरला, दुसऱ्यात नव्हते म्हणून तो मेला, असा बोध आता सर्वत्र सांगितला जातो. त्यात तथ्य नाही असे नाही. पाच जणांनी परस्परांना सोडले नाही, हे निर्विवाद आहे. परंतु बोध काढण्यापूर्वी दोन गोष्टी लक्षात घ्यावयास हव्यात. पहिली परिस्थितीची : ‘ग्राफ्टन’ उन्हाळ्यात, सुरक्षित खाडीत, हत्यारे-शिडे-बंदुकीसह किनाऱ्याला लागले, ‘इन्व्हरकॉल्ड’ हिवाळ्याच्या तोंडावर, कड्याखाली, रिकाम्या हातांनी. पाच माणसांना जे पुरते ते एकोणीसांना पुरत नाही. दुसरी साक्षीची : समतेचे जे चित्र आदर्श म्हणून पुढे केले जाते ते मुख्यतः रायनालच्या पुस्तकातले आहे, आणि त्याच्या कप्तानाची रोजनिशी त्याला पुरता दुजोरा देत नाही.

हा प्रश्न भारतीय वाचकालाही परका नाही. ‘सिडनी कोव्ह’ हे कलकत्त्याहून निघालेले जहाज १७९७ मध्ये टास्मानियाजवळच्या प्रिझर्व्हेशन बेटावर लागले. त्याचे बहुतेक खलाशी बंगालकडचे लष्कर होते. मदत आणण्यासाठी निघालेल्या सतरा जणांची होडीही फुटली. ते ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याने शेकडो मैल पायी चालले. तिघे जिवंत पोहोचले : व्यापारी विल्यम क्लार्क, एक गोरा खलाशी आणि एक लष्कर. क्लार्कचा वृत्तांत कलकत्त्याच्या वृत्तपत्रात छापला गेला. तीच वाट तितकीच चाललेल्या त्या लष्कराचे निवेदन कोणी लिहून घेतले नाही. होल्डिंगला स्वतः लिहिता येत होते आणि त्याला वारस लाभले. या माणसाला दोन्ही नव्हते.

ऑकलंड बेटे आज निर्मनुष्य व संरक्षित आहेत. १९९८ पासून त्यांची गणना जागतिक वारशात होते. ‘ग्राफ्टन’च्या सांगाड्याची काही लाकडे कार्नली हार्बरच्या किनाऱ्यावर अद्याप दिसतात. या किनाऱ्याचा इतिहास पुढेही लिहिला जाईल, आणि त्यातून माणसाच्या धैर्याचे व दुर्बलतेचे धडे काढले जातील. ते काढताना रायनालचे सुंदर पुस्तक अवश्य वाचावे. मात्र त्याच्या शेजारी मस्ग्रेव्हची त्रस्त रोजनिशी असावी, होल्डिंगची उशिरा आलेली आठवण असावी, आणि पोर्ट रॉसच्या झोपडीतील ती न लागलेली पाटीही स्मरणात असावी. ज्या सोळांनी काही लिहून ठेवले नाही त्यांच्यावर शिस्तीच्या अभावाचा ठपका ठेवणे सोपे आहे. त्यांची बाजू मांडणारे कोणी उरले नव्हते, एवढे ध्यानात ठेवणे इतिहासकाराचे कर्तव्य आहे.